स्टोक पोजेस येथील ग्रे कुटुंबाचें थडगें

(१) लंडनच्या पश्चिमेस, बकिंगहॅमशर परगण्यांत, स्लाउ गांवाजवळ स्टोक पोजेस नांवाचें स्थळ आहे. तेथील सेंट जाईल्स चर्चच्या आवारांत, पूर्वेकडील एका खिडकीखालीं, विटांनीं बांधलेलें व वर शिळा बसविलेलें एक साधें थडगें दिसतें. ‘एलेजी’ या सुप्रसिद्ध विलापिकेचा कर्ता टॉमस ग्रे (१७१६–१७७१) येथें विसावला आहे. परंतु शिळेवरील लेख आरंभापासून अखेरपर्यंत वाचला तरी त्यांत ग्रेचें नांव कोठेंही आढळत नाहीं. ज्याच्यासाठीं प्रवासी येथें येतात त्याचेंच नांव थडग्यावर नसावें, हें नवल खरें. पण साधनें जुळवून पाहिलीं असतां त्याचा उलगडा होतो.

(२) प्रथम लेख पाहूं. त्यांत दोनच व्यक्तींचा निर्देश आहे. पहिली मेरी अँट्रोबस. ही अविवाहित असून ५ नोव्हेंबर १७४९ रोजीं ६६ व्या वर्षीं वारली. दुसरी तिची बहीण डॉरथी ग्रे. ही विधवा असून ११ मार्च १७५३ रोजीं ६७ व्या वर्षीं वारली. डॉरथीविषयींचा मजकूर आरंभींच पहिलीच्या श्रद्धेचा व सान्निध्याचा हवाला देतो. पहिला भाग आधीं असल्यावांचून त्यास अर्थ येत नाहीं. लेखाचे दोन थर यावरून स्पष्ट होतात. पुढें आशय असा कीं, डॉरथी पुष्कळ अपत्यांची दक्ष व मायाळू माता होती, आणि तिच्यामागें उरण्याचें दुर्दैव त्यांपैकीं एकट्याच्याच वांट्यास आलें.

(३) हा ‘एकटा’ कोण? डॉरथीस बारा अपत्यें झालीं. त्यांपैकीं टॉमस तेवढाच वांचला. तिचा पति फिलिप हा दस्तऐवज लिहिण्याचा व्यवसाय करी. स्वभावानें तो क्रूर होता. लंडनमधील कॉर्नहिल पेठेंत मेरीबरोबर स्त्रियांच्या टोप्या इत्यादि विकण्याचें दुकान चालवून डॉरथीनें मुलास ईटन व केंब्रिज येथें शिकविलें. १७३५ च्या सुमारास तिनें पतीच्या छळाविषयीं कायदेपंडितापुढें मांडलेल्या हकीगतींत या खर्चाचाही उल्लेख आहे. १७४१ सालीं पति वारल्यावर ती स्टोक येथें बहिणींसह राहूं लागली. आईवरील हा मृत्युलेख ग्रेनेंच रचला आहे. म्हणजे त्यांतील निर्नाम अपत्य हा लेखाचा कर्ताच होय.

(४) ग्रेनें २ जुलै १७७० रोजीं मृत्युपत्र केलें. त्यांत, स्टोक येथें आईशेजारीं त्याच तळघरांत आपणांस पुरावें, पेटी मुरलेल्या ओक लांकडाची असावी, तिला आंतून अस्तर वा वरून आच्छादन नसावें, असें सांगितलें आहे. ३० जुलै १७७१ रोजीं तो केंब्रिज येथें वारला. थडग्यासमोर चर्चच्या भिंतींत एक लहान शिळा आहे. तिच्यावर ग्रेचे अवशेष याच थडग्यांत असल्याचें आणि दफन ६ ऑगस्ट १७७१ रोजीं झाल्याचें नमूद आहे. मूळ शिळेस मात्र कोणीं हात लावला नाहीं.

(५) नांव लपविण्याची ही वृत्ति ग्रेच्या काव्यासंबंधींही दिसते. विलापिका १५ फेब्रुवारी १७५१ रोजीं छापून निघाली, म्हणजे मावशी व आई यांच्या मृत्यूंच्या मधल्या काळांत. तिच्या पहिल्या आवृत्तीवर कर्त्याचें नांव नव्हतें. काव्यांत गांवाचेंही नांव नाहीं. मात्र १२ जून १७५० रोजीं स्टोकहून होरेस वॉल्पोल यास काव्य पुरें झाल्याचें ग्रेनें पत्रानें कळविलें आहे. त्याच्या हातच्या तीन प्रती ईटन कॉलेज, केंब्रिजचें पेंब्रोक कॉलेज व ब्रिटिश लायब्ररी येथें आहेत. ईटनच्या प्रतींत छापील पाठांत नसलेलीं कडवीं मिळतात. एवढ्यावरून हस्तलिखिताचें मोल कळून येईल.

(६) चर्चलगतच्या शेतांत जॉन पेन यानें १७९९ सालीं जेम्स वायट याच्या योजनेप्रमाणें ग्रेचें भव्य स्मारक उभारलें. त्यावर ग्रेचें नांव व त्याच्या काव्यांतील ओळी कोरल्या आहेत. नवखा मनुष्य त्यालाच समाधि समजावयाचा! जेथें नांव आहे तेथें देह नाहीं, आणि जेथें देह आहे तेथें नांव नाहीं.

(७) भाट्ट मीमांसक अनुपलब्धीस प्रमाण मानतात, परंतु ती योग्यानुपलब्धि असली पाहिजे. वस्तु असती तर दिसलीच असती, अशी स्थिति असेल तेव्हांच तिच्या न दिसण्यावरून अभाव सिद्ध होतो. येथें लेख १७५३ च्या निमित्तानें रचलेला व दफन १७७१ चें. तेव्हां ग्रेचें नांव त्यांत न आढळणें हें दफनाविरुद्ध प्रमाण होऊंच शकत नाहीं. लेखांत अमुक नाहीं म्हणून तें घडलेंच नाहीं, असा निकाल देण्यापूर्वीं लेख कोणी, केव्हां व कोणासाठीं लिहिला हें पहावें. ग्रेचें मृत्युपत्र नष्ट झालें असतें आणि भिंतींतील लहानशी शिळा निखळली असती, तर हें थडगें केवळ दोन बहिणींचें ठरलें असतें. कागद जपण्याचें अगत्य याहून वेगळें काय सांगावें?