फिल्म न्वार: दैव की व्यवस्था?

अमेरिकेतल्या जुन्या, स्वस्त गुन्हेपटांशी भंडारा जिल्ह्यातल्या दलित विद्यार्थ्याचा संबंध काय, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. मी या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि काही वर्षांपासून दर महिन्याला विद्यार्थ्यांना असा एक चित्रपट दाखवतो. तो केवळ माझा छंद असता तर त्याविषयी येथे लिहिण्याचे कारण नव्हते. पण या चित्रपटांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या चळवळीचाही प्रश्न आहे. माणसाच्या वाट्याला आलेल्या दुःखाचे कारण दैव, की माणसांनीच उभी केलेली व्यवस्था?

प्रथम हे चित्रपट कोणते ते सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम आले. त्यांतल्या काही गुन्हेकथांना निनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने १९४६ साली ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असे म्हटले. रात्रीचे शहर, ओला रस्ता, भिंतीवर पडलेल्या खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, कर्जात किंवा संशयात सापडलेला माणूस आणि बहुधा वाईट शेवट, ही या चित्रपटांची ओळख. ते घडविणाऱ्यांत रॉबर्ट सिओडमाक, बिली वाइल्डर यांच्यासारखे ज्यू दिग्दर्शक होते. हिटलरच्या राज्यात केवळ जन्मामुळे ते परके ठरले होते.

या चित्रपटांतल्या अंधारामागे अर्थकारण आहे. १९३०नंतरच्या मंदीत अमेरिकन थिएटरे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. मुख्य चित्रपटाला उत्पन्नाचा टक्का मिळे, जोडीच्या चित्रपटाला ठरावीक भाडे. तो कितीही चालला तरी निर्मात्याच्या हाती तेवढीच रक्कम येई. म्हणून नफा काढायचा तो खर्च छाटूनच. असे चित्रपट काढणाऱ्या हॉलिवूडच्या लहान कंपन्यांना मिळून ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे दारिद्र्याची गल्ली, असेच नाव पडले होते. सेट अपुरा असेल तर तो अंधारात ठेवायचा, रस्ता उभारता येत नसेल तर धुके सोडायचे. ‘टी-मेन’ (१९४७) या चित्रपटात छायाचित्रकार जॉन आल्टनने मोजक्या दिव्यांतून जे साधले, त्याचा आज अभ्यास होतो. साधनांच्या तुटवड्यातूनही स्वतंत्र सौंदर्यदृष्टी जन्माला येऊ शकते, हे दलित साहित्याच्या वाचकाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

या वर्गातला सर्वांत प्रसिद्ध स्वस्त चित्रपट म्हणजे ‘डिटूर’ (१९४५). दिग्दर्शक एडगर उल्मर. लांबी ६८ मिनिटे. याच उल्मरने मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून यिद्दिश भाषेत ‘ग्रीन फील्ड्स’ (१९३७) आणि कृष्णवर्णीय नटसंच घेऊन ‘मून ओव्हर हार्लेम’ (१९३९) हे चित्रपट केले होते. ‘डिटूर’चा नायक रॉबर्ट्स हा क्लबात पियानो वाजवणारा गरीब माणूस. प्रेयसीला भेटण्यासाठी तो न्यूयॉर्कहून लोकांच्या मोटारीत जागा मागत निघतो. वाटेत एक मोटारवाला अचानक मरतो. आपण मारले नाही यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, अशी रॉबर्ट्सची खात्री असते. म्हणून तो प्रेत लपवतो, मेलेल्याचे कपडे, पैसा आणि नाव घेतो, आणि अधिकाधिक गुंतत जातो. चौकशी व्हायच्या आधीच तो स्वतःला दोषी धरून बसलेला असतो.

येथे बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आठवल्याशिवाय राहत नाही. याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. रॉबर्ट्स नाव चोरतो, बागुलांच्या नायकाला जात चोरावी लागते. दोघांनाही ठाऊक असते की खरे सांगितले तर आपली सोय नाही. पण फरक महत्त्वाचा आहे. रॉबर्ट्स सारा दोष दैवावर टाकतो आणि चित्रपट त्याला तेथेच सोडतो. बागुलांचा नायक मार खातो, पण मारणाऱ्या हातांमागची व्यवस्था ओळखतो. ‘डिटूर’ पाहून झाल्यावर मी विद्यार्थ्यांना एवढेच विचारतो: रॉबर्ट्सवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला कोणी शिकवले? श्रीमंत माणूस याच जागी असता तर पळाला असता काय? या प्रश्नांवर वर्ग बोलू लागतो. बिड्या वळणाऱ्या घरातली मुले ठेकेदाराविषयी बोलतात. तो बिड्या खराब म्हणून बाजूला टाकतो, मजुरी कापतो, आणि दाद मागायची कोणाकडे हे आईला माहीत नसते. घरात याला नशीब म्हणतात.

म्हणून ‘डिटूर’नंतर मी ‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’ (१९५९) दाखवतो. तो कृष्णवर्णीय गायक-नट हॅरी बेलाफॉन्टे याच्या स्वतःच्या कंपनीने काढला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. पटकथाकार अब्राहम पोलोन्स्की डाव्या विचारांमुळे काळ्या यादीत होता. त्यामुळे श्रेय कृष्णवर्णीय कादंबरीकार जॉन ओ. किलेन्स यांच्या नावे गेले आणि पोलोन्स्कीचे नाव १९९६ साली परत आले. कथा तीन माणसांनी बँक लुटण्याची. त्यांतला एक कृष्णवर्णीय, एक कट्टर वर्णद्वेष्टा गोरा. पळून जाण्याच्या मोटारीची किल्ली गोरा आपल्या कृष्णवर्णीय साथीदाराच्या हाती देत नाही, तिसऱ्याकडे देतो. तिसरा पोलिसांच्या गोळीबारात सापडतो आणि सुटकेची वाट बंद होते. उरलेले दोघे पोलिसांना विसरून एकमेकांवरच गोळ्या झाडतात. तेलाच्या टाक्यांचा स्फोट होतो, आणि कोणते प्रेत गोऱ्याचे, कोणते काळ्याचे, हे ओळखता येत नाही. इथे शेवट तितकाच काळा आहे, पण दैवाची जागा वर्णद्वेषाने घेतली आहे. अंधाराला नाव मिळाले आहे.

भंडारा जिल्ह्यात ह्या नावाला फार मोठा अर्थ आहे. १९५४च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब येथून उभे राहिले आणि पराभूत झाले. याच जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजी येथे, २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांची जमावाने हत्या केली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या आणि हत्येमागे सूडाचा हेतू मानला, जातीचा नाही. शिक्षा झाली, गुन्ह्याचे नाव मात्र बदलले. सूड हा गुन्हेपटाचा नेहमीचा हेतू आहे. दोन माणसांतले वैर सांगितले की त्यांच्या भोवतीचा समाज चौकटीबाहेर जातो. चौकटीबाहेर काय ठेवले आहे हे पाहण्याची सवय लागावी, यासाठी मी हे चित्रपट दाखवतो.

आता व्यवहाराचे. जुने चित्रपट नेमाने दाखवणारे थिएटर आमच्याकडे नाही. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली, मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ साली. त्यांनी मोठे काम केले, पण त्याचा लाभ मुख्यतः शहरांना झाला. आज एक प्रोजेक्टर, एक स्पीकर आणि धुतलेली पांढरी चादर पुरते. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे ‘डिटूर’ आणि गुरुदत्तचा ‘बाझी’ (१९५१) या चित्रपटांची ती मुदत संपली आहे. शिवाय शिक्षणसंस्थेने आपले शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढ्यांनाच चित्रपट दाखवला, तर कायदा त्याला सूट देतो. चित्रपटाआधी दहा मिनिटे कथासूत्र मराठीत सांगावे, महत्त्वाच्या संवादांपाशी थांबून अर्थ सांगावा, आणि चित्रपटाइतकाच वेळ चर्चेला ठेवावा. चर्चेवाचून हे प्रदर्शन म्हणजे नुसती करमणूक.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दारिद्र्य ठरते ही कल्पना नाकारली. तो नकार विद्यार्थ्याला पाठ असतो. पण घरी आईची मजुरी कापली गेली की तोंडात शब्द येतो तो नशिबाचाच. हे अंतर भाषणांनी फारसे कमी होत नाही. समोरच्या पडद्यावर एखादा माणूस दैवाला दोष देत असताना ‘थांब, हे कोणी केले ते सांग’ असे म्हणण्याचा सराव झाला, तर हाच प्रश्न तो ठेकेदाराला, कचेरीला आणि न्यायालयालाही विचारू शकेल.