पंचाचा निवाडा

ग्रामदैवताचा उत्सव आला की मावळातील गावोगावी कुस्त्यांचे फड भरतात. हलगी कडाडते आणि मल्ल तांबड्या मातीत उतरतात. एकाची पाठ मातीला लागली की तो चीतपट झाला. भोवतालचे हजारो डोळे त्या निकालाचे साक्षी असतात.

व्यावसायिक मुष्टियुद्धात निकाल नेहमीच असा उघड नसतो. दोघेही अखेरपर्यंत उभे राहिले, तर तीन पंचांच्या गुणांवरून जय ठरतो. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्यास १० आणि दुसऱ्यास बहुधा ९ गुण मिळतात.

मार्च १९९९ मध्ये न्यूयॉर्क येथे लेनक्स लुईस व इव्हँडर होलिफील्ड यांची लढत झाली. लुईसचे वर्चस्व बहुतेकांना स्पष्ट दिसत होते. तथापि एका पंचाने लुईसला, दुसऱ्याने होलिफील्डला अधिक गुण दिले, तर तिसऱ्याने दोघांनाही ११५ गुण दिले. लढत बरोबरीत सुटली. एकच लढत, पण निवाडे तीन! नोव्हेंबरमधील दुसऱ्या लढतीत मात्र तिन्ही पंचांनी लुईसलाच विजयी ठरविले.

गादीवरील कुस्तीही अशा वादांपासून मुक्त नाही. २०२५ साली अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत, दोन्ही खांदे टेकले की नाही यावरून वाद झाला. पराभूत मल्लाने संतापून पंचाला लाथ मारली, आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

अन्याय झाला असे वाटले, तरी पंचावर हल्ला करणे हा त्यावरील उपाय नव्हे. परंतु खेळाडूला शिस्तीचे बंधन असेल, तर पंचालाही उत्तरदायित्वाचे बंधन हवे. दिलेल्या गुणांचे कारण त्याने सांगावे, आणि शंका आल्यास चित्रफीत सर्वांसमक्ष तपासली जावी. कारण खेळाडूने वर्षानुवर्षे गाळलेल्या घामाचे मोल पंचाच्या एका निवाड्यावर अवलंबून असते.