मुलाची पोटगी आणि वरिष्ठ न्यायालयाचा दरवाजा

पतिपत्नी विभक्त झाल्यानंतर मुलाच्या निर्वाहासाठी न्यायालय जी मासिक रक्कम ठरवून देते, तिच्याविषयी उभय पक्षांचे समाधान क्वचितच होते. देणाऱ्यास ती ऐपतीबाहेरची वाटते, घेणारीस ती मुलाची फी आणि औषधपाणी भागविण्यासही अपुरी वाटते, आणि हुकूम हाती पडताच दोघेही वरच्या कोर्टात जाण्याची भाषा बोलू लागतात. तसे जाण्याचा हक्क कायद्याने दोघांनाही दिलेला आहे; परंतु तो कोणत्या मार्गाने, किती मुदतीत आणि कोणत्या आधारावर बजावावयाचा, हे जाणून घेतल्यावाचून त्याचा उपयोग होत नाही.

1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील 125व्या कलमाने पोटगीस महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. ती 2001मध्ये उठविण्यात आली, आणि 1 जुलै 2024पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 144व्या कलमात, सर्व धर्मांच्या पक्षकारांसाठी, अमलात आहे. मर्यादा गेल्यापासून रक्कम ठरविण्याचा सर्व भार पुराव्यावर येऊन पडला. आणि म्हणूनच ठरलेल्या रकमेस आव्हान देणाऱ्यानेही प्रथम पुराव्याचाच विचार केला पाहिजे.

आव्हानाचे मुख्य मार्ग दोन आहेत, आणि त्यांची गल्लत करणे महागात पडते. मूळ हुकमातच चूक असेल, म्हणजे दाखल झालेला पगाराचा दाखला दुर्लक्षिला गेला असेल किंवा मिळकतीचा आकडा आधाराविना धरला गेला असेल, तर त्याची फेरतपासणी मागावी लागते: दंडाधिकाऱ्याच्या हुकमाविरुद्ध सत्र न्यायालयात नव्वद दिवसांच्या आत, आणि कुटुंब न्यायालयाने याच कलमाखाली दिलेल्या अंतिम हुकमाविरुद्ध उच्च न्यायालयात. याउलट हुकूम त्या वेळी योग्यच होता, पण पुढे नोकरी सुटली, आजार जडला, वेतन वाढले किंवा मूल मोठे होऊन शिक्षणाचा खर्च चढला, तर 146व्या कलमान्वये ज्या न्यायालयाने रक्कम ठरविली तिथेच ती कमी किंवा अधिक करण्याचा अर्ज करावयाचा असतो. हुकूम एकतर्फी झाला असल्यास, गैरहजेरीचे सबळ कारण दाखवून तीन महिन्यांच्या आत तो रद्द करून घेण्याची मुभाही कायद्याने ठेवली आहे.

या संबंधीचा सर्वांत महत्त्वाचा निवाडा नागपूरच्या कुटुंब न्यायालयात उद्भवलेल्या एका प्रकरणातून आला. तिथे मुलासाठी आरंभी दरमहा 5,000 आणि सप्टेंबर 2015पासून 10,000 रुपये अंतरिम पोटगी ठरली होती. पित्याने तिला दिलेले आव्हान उच्च न्यायालयाने फेटाळले, आणि 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो हुकूम कायम केला. 2013मध्ये केलेल्या अर्जाचा, तोही केवळ अंतरिम पोटगीचा, निकाल लागण्यास सात वर्षे लोटावीत, याची गंभीर दखल घेऊन त्या न्यायालयाने ठरवून दिले की, उभय पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र दाखल केलेच पाहिजे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय मानली पाहिजे. प्रतिज्ञापत्रात हेतुपुरस्सर खोटे लिहिणाऱ्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. तेव्हा वेतनपावत्या, प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचे उतारे, शेती असल्यास सातबारा आणि मुलाच्या शाळेच्या पावत्या हेच अशा अर्जाचे खरे बळ होय.

माता कमावती आहे, एवढ्याने पित्याचे उत्तरदायित्व संपत नाही. मात्र ते विभागले जाऊ शकते. 2000 सालच्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे दरमहा 3,000 रुपये ठरवून तो भार पिता आणि माता यांच्यावर दोनास एक या प्रमाणात वाटून दिला होता. आव्हान देणाऱ्या पित्याने असा प्रमाणाचा मुद्दा अवश्य मांडावा. मातेच्या चारित्र्याविषयीच्या कैफियतीने मुलाचा खर्च एका रुपयानेही कमी होत नाही.

सर्वांत घातक समजूत अशी की, वर अर्ज केला म्हणजे पैसे भरणे थांबवावे. स्थगिती मिळेपर्यंत हुकूम जिवंतच असतो, आणि स्थगिती देताना न्यायालय बहुधा थकबाकीचा काही भाग भरावयास लावते. सबळ कारणावाचून रक्कम थकविणाऱ्याविरुद्ध वसुलीचे वॉरंट निघते, प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही. घेणाऱ्या पक्षानेही ध्यानात ठेवावे की, या वॉरंटासाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

ज्याला रक्कम अन्यायाची वाटते त्याने वरिष्ठ न्यायालयात निःसंकोच जावे, मुदतीत जावे, आणि हिशेबाचे खरे कागद घेऊन जावे; परंतु त्याचा निकाल लागेपर्यंत मुलाचे पैसे ठरल्या तारखेस पोहोचते करावेत, कारण दाव्याच्या तारखा पुढे ढकलता येतात, मुलाचे अन्न आणि शिक्षण ढकलता येत नाही.