एका मिलिमीटरचं वजन

ऑगस्ट उजाडला की महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं टीएमसीचे आकडे छापू लागतात. कोयनेत किती, उजनीत किती, जायकवाडीत किती. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. कोयना काठोकाठ भरलं की त्यात १०५ टीएमसी मावतं. हे माप आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की साऱ्या जगाच्या समुद्राची वाढही मी त्यातच मोजून पाहिली.

पृथ्वीवरच्या समुद्रांचं क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटर आहे. एवढ्या पसाऱ्यावर एक मिलिमीटर जाडीचा थर चढवायचा तर ३६१ घनकिलोमीटर पाणी लागतं. वजन ३६१ अब्ज टन. टीएमसीत हाच आकडा १२,७५० च्या आसपास जातो, म्हणजे काठोकाठ भरलेली १२१ कोयना धरणं. हे सगळं पाणी गोठवून त्याचा एकच चौकोनी ठोकळा केला तर त्याची प्रत्येक बाजू सात किलोमीटरहून लांब भरेल. चार कळसूबाई एकावर एक रचली तरी त्याच्या माथ्याला पोचणार नाहीत.

हा झाला एक मिलिमीटर. समुद्र सध्या वर्षाला चार मिलिमीटरहून अधिक वेगाने चढतो आहे.

सतत हलणाऱ्या, कधी दहा-दहा मीटर उंच लाटा उसळणाऱ्या समुद्राची पातळी मिलिमीटरमध्ये मोजता येते, ही गोष्ट मला मूळ आकड्याइतकीच थक्क करणारी वाटते. ऑगस्ट १९९२ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांनी मिळून टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह १,३३६ किलोमीटर उंचीवर सोडला. तो खाली रडारचे ठोके पाठवायचा आणि ते पाण्यावर आपटून परत यायला लागलेल्या वेळेवरून उंची काढायचा. एकेका मापात काही सेंटीमीटरची चूक राहतेच. पण तोच मार्ग दर दहा दिवसांनी पुन्हा मोजायचा आणि लाखो मापांची सरासरी काढायची, असं केलं की चुका एकमेकींना खोडून काढतात आणि हाती मिलिमीटर उरतो. त्या उपग्रहानंतर त्याच मार्गावर एकामागून एक वारसदार फिरत राहिले आणि नोंद कधी तुटली नाही. १९९३ मध्ये समुद्र वर्षाला २.१ मिलिमीटर वाढत होता, २०२३ मध्ये ४.५. तीस वर्षांत एकूण १११ मिलिमीटर वाढ झाली आणि तेवढ्याच काळात वेग दुपटीच्या पुढे गेला.

त्याआधीच्या काळासाठी बंदरांमधली भरतीमापक यंत्रंच उपयोगी पडतात, आणि इथे मुंबईला मोठा मान आहे. अपोलो बंदरावरच्या भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. हिंदी महासागराच्या काठावर इतक्या जुन्या नोंदी फार थोड्या. उत्तर हिंदी महासागरात १८७४ ते २००४ या काळात पातळी वर्षाला साधारण १ ते १.७५ मिलिमीटरने वाढली. १९९३ ते २०१७ या काळात ३.३ मिलिमीटरने. ज्यांनी गोऱ्या साहेबाच्या काळात त्या वह्या भरल्या, त्यांना बंदरात जहाजं नीट लागावीत एवढीच काळजी होती. त्यांच्या रोजच्या नोंदींमुळे आज आपल्याला दीड शतकाचा हिशेब मांडता येतो.

या हिशेबात एक विलक्षण वर्ष आहे. २०१० ते २०११ दरम्यान समुद्राची पातळी वाढायच्या ऐवजी पाच ते सात मिलिमीटरने खाली आली. सहाशे ते साडेआठशे कोयना धरणांएवढं पाणी समुद्रातून नाहीसं झालं. ते जमिनीवर पडलं होतं. त्या काळातल्या जोरदार ला नीनामुळे ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि आग्नेय आशिया इथे अफाट पाऊस झाला. एरवी पावसाचं पाणी नद्यांतून काही महिन्यांत समुद्राला मिळतं. पण ऑस्ट्रेलियाच्या मधोमध आयर सरोवराचं खोरं आहे आणि तिथल्या नद्या समुद्राकडे जातच नाहीत. पाणी तिथेच साचलं आणि हळूहळू वाफ होऊन गेलं. पुढे समुद्राने ती सगळी घट भरून काढली आणि तो पुन्हा चढू लागला.

हे पाणी येतं कुठून? सगळी वाढ नव्या पाण्याची नाही. साधारण एक-तृतीयांश वाढ आहे त्याच पाण्याच्या फुगण्याने होते, कारण तापलं की पाणी पसरतं. हरितगृह वायूंनी पृथ्वीवर अडवून ठेवलेल्या जादा उष्णतेतली नव्वद टक्के समुद्राने पोटात घेतली आहे. एकट्या २०२४ मध्ये समुद्राच्या वरच्या दोन हजार मीटर थरात जितकी उष्णता वाढली, ती जगातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या वर्षभराच्या विजेच्या सुमारे १४० पट होती. ही उष्णता हवेत राहिली असती तर जमिनीवर जगणंच शक्य झालं नसतं. समुद्राने आपल्याला आजवर सांभाळून घेतलं आहे, आणि त्याचं चढणं हा त्याचाच परिणाम आहे.

उरलेली वाढ मुख्यतः बर्फाची. ग्रीनलंडचा बर्फ किती घटतो हे दोन जुळे उपग्रह तोलून सांगतात. एकामागे एक, साधारण २२० किलोमीटर अंतर ठेवून ते फिरतात. खाली बर्फाचा मोठा साठा आला की पुढचा उपग्रह त्याच्या गुरुत्वाने किंचित खेचला जातो आणि दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी फरकाने बदलतं. तेवढ्यावरून खालच्या बर्फाचं वजन निघतं. २००२ पासून ग्रीनलंड दर वर्षी सरासरी २७० अब्ज टन बर्फ गमावतं आहे. दर सेकंदाला साडेआठ हजार टन. मराठवाड्यातल्या गावात दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे साडेआठशे टँकर एका सेकंदात समुद्रात रिकामे होतात, आणि हे रात्रंदिवस चालू आहे. दर चार दिवसांना एक कोयना. अंटार्क्टिकातून दर वर्षी सुमारे दीडशे अब्ज टन जातं ते वेगळं. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सात मीटरहून वर जाईल, अंटार्क्टिकाचा वितळला तर ५८ मीटर. याला शेकडो, हजारो वर्षं लागतील. पण सुरुवात झालेली आहे.

आणखी एक वाटा आपल्या विहिरी आणि बोअरवेलचा आहे. १९९३ ते २०१० या काळात जगाने जमिनीखालून २,१५० अब्ज टन पाणी कायमचं उपसलं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. ते पिकांवरून, गटारांतून, नद्यांतून शेवटी समुद्रात गेलं आणि त्याने पातळी सहा मिलिमीटरांहून थोडी जास्त वाढवली. एवढं वजन एका जागेवरून दुसऱ्या जागी गेल्याने पृथ्वीचा अक्षही हलला: तिचा ध्रुव सुमारे ८० सेंटीमीटर पूर्वेकडे सरकला. सर्वांत जास्त उपसा ज्या दोन प्रदेशांत झाला त्यातला एक म्हणजे आपला वायव्य भारत. पंजाब-हरयाणाच्या शेतांतल्या मोटारींनी पृथ्वीच्या फिरण्यात मोजता येईल एवढा फरक पाडला, हे वाचल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही.

सरासरी हा शब्द मात्र फसवा आहे. समुद्र काही बादलीतल्या पाण्यासारखा सगळीकडे सारखा चढत नाही. ग्रीनलंडवरचा बर्फाचा डोंगर आपल्या गुरुत्वाने आजूबाजूचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ कमी झाला की ती ओढ सैल होते. त्यामुळे ग्रीनलंडच्या जवळपास, साधारण दोन हजार किलोमीटरच्या परिघात, त्याच्या वितळण्याने समुद्र खाली जातो. ते पाणी दूर, विषुववृत्ताच्या आसपासच्या समुद्रांत, सरासरीपेक्षा जास्त चढतं. ज्या किनाऱ्यांनी धूर सर्वांत कमी सोडला त्यांच्याच दारात तो जादाचा वाटा येतो. भौतिकशास्त्राला न्याय-अन्याय नसतो. तो आपण पाहायचा असतो, आणि इथे अन्याय ढळढळीत दिसतो.

काही ठिकाणी तर जमीनच खचते आहे. जकार्ताच्या उत्तर भागात भूजल उपसून उपसून जमीन वर्षाला वीस सेंटीमीटरपर्यंत खाली गेल्याची मापं आहेत. समुद्राच्या चढण्याच्या चाळीस-पन्नास पट वेग! इंडोनेशियाने २०२२ मध्ये राजधानी बोर्निओ बेटावर हलवण्याचा कायदाच केला.

पाच-दहा सेंटीमीटरने काय मोठं बिघडतं, असं वाटू शकतं. रोजच्या भरतीत ते कळतही नाही. कळतं उधाणात. गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठी सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमीन आहे. मातीचे बांध, त्यांत भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारी दारं म्हणजे मानशी, आत कोरगुट भात आणि मासळी. रायगडच्या खारभूमीतले बांधही त्याच जातीचे. या बांधांची उंची कुणा इंजिनिअरने कागदावर काढलेली नव्हती. ज्यांनी ते घातले त्यांना सर्वांत मोठं उधाण कुठवर येतं हे ठाऊक होतं, आणि त्याच्या वर एखादा हात माती चढवली की काम भागत होतं. आता ती खूणच वर सरकते आहे. बांध फुटून खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढचे पावसाळे ते धुऊन काढेपर्यंत शेत हातचं जातं. जगभरच्या निम्म्याहून अधिक भरतीमापक केंद्रांवर, पूर्वी शंभर वर्षांतून एकदा येणारी समुद्राची उंची या शतकाच्या अखेरीस दर वर्षी किमान एकदा येईल, असं आयपीसीसी या आंतरसरकारी हवामान समितीच्या सहाव्या अहवालात म्हटलं आहे.

म्हणून माझ्या लेखी समुद्र किती वाढणार याहून किती वेगाने वाढणार हा प्रश्न मोठा आहे. नेदरलँड्सचं उदाहरण घ्या. १९५३ मध्ये ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री उत्तर समुद्राच्या वादळाने तिथले बांध फोडले आणि १,८३६ माणसं गेली. त्या देशाने डेल्टा योजना हाती घेतली. तिचं शेवटचं मोठं काम म्हणजे रोटरडॅमच्या तोंडाशी असलेला मास्लांट अडसर. २२ मीटर उंच आणि प्रत्येकी २१० मीटर लांब अशा दोन पोलादी दारांचा हा अडसर १९९७ मध्ये पुरा झाला. ज्या बिजागरांवर ही दारं फिरतात त्यांतल्या एकेका गोळ्याचा व्यास दहा मीटर आणि वजन ६८० टन. जगातला एक श्रीमंत देश, पाण्याशी झुंजण्याची शतकांची परंपरा असलेला, आणि तरी चव्वेचाळीस वर्षं लागली.

हा वेळच उत्सर्जन-कपातीतून मिळतो. धूर झपाट्याने कमी केला तर शतकाच्या शेवटीही समुद्र आजच्यासारखा वर्षाला चार मिलिमीटरच्या आसपास वाढत राहील. धूर असाच वाढत गेला तर सुमारे बारा. अशा चव्वेचाळीस वर्षांच्या एका योजनेत पहिल्या स्थितीत समुद्र १८ सेंटीमीटर वर जातो, दुसऱ्या स्थितीत अर्ध्या मीटरहून जास्त. दार बसेपर्यंत ते ठेंगणं पडलेलं असेल. आता काही केलं तरी समुद्र वाढणारच, मग कपात कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

तुवालूकडे तेवढाही वेळ नाही. प्रशांत महासागरातल्या या देशाची सगळी जमीन २६ चौरस किलोमीटर आणि माणसं दहा-अकरा हजार. २०२३ मध्ये त्याने आपली राज्यघटना बदलली आणि जमीन बुडाली तरी तुवालू हे राष्ट्र कायम राहील असं तिच्यात लिहिलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार झाला: दर वर्षी २८० तुवालूवासीयांना तिथे कायमचं राहता येईल. २०२५ च्या पहिल्याच सोडतीत कुटुंबीयांसह ८,७५० नावं आली. देशातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त माणसांची. वर्षाला २८० या गतीने एवढ्या सगळ्यांची पाळी यायला तीस वर्षं लोटतील.

आणि पैसा? विकसनशील देशांना हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३१० ते ३६५ अब्ज डॉलर लागतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. २०२३ मध्ये श्रीमंत देशांकडून सरकारी मार्गाने या कामासाठी आले २६ अब्ज.

एवढ्या तुटपुंज्या पैशातही काय साधतं ते बांगलादेशात पाहावं. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे तीन ते पाच लाख माणसं मेली. १९९१ च्या वादळात सुमारे १,३८,०००. २००७ च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. मे २०२० मध्ये, करोनाच्या ऐन दिवसांत, अम्फान आलं तेव्हा २४ लाख लोकांना आधीच हलवलं गेलं आणि बांगलादेशातल्या मृतांचा आकडा शंभरापर्यंतही गेला नाही. लाखांवरून हजारांवर, हजारांवरून दोन आकड्यांवर. यामागे उंच खांबांवरचे निवारे आहेत, हवामानखात्याचे वेळेवरचे इशारे आहेत, आणि भोलानंतर उभा राहिलेला चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम आहे. त्याचे ७६ हजार स्वयंसेवक आहेत, त्यांत निम्म्या स्त्रिया. ते मेगाफोन घेऊन घरोघर जातात, म्हाताऱ्यांना आणि पोरांना उचलून आणतात. या लेखातल्या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो हा उतरत गेलेला आकडा.

पण इशारा देऊन माणसं हलवता येतात, शेतं नाही. बांगलादेशच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकापासून १३९ पोल्डर बांधले गेले, म्हणजे चहूबाजूंनी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भूमी. ते त्या काळच्या भरत्यांच्या हिशेबाने बांधलेले आहेत. त्यांची उंची वाढवण्यासाठी जागतिक बँकेने २०१३ मध्ये ४० कोटी डॉलर मंजूर केले. त्या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात १३९ पैकी १० पोल्डर बसले.