यंत्र कोणाचं, निर्णय कोणाचा?

आपल्या मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकवाले एकमेकांना मागे टाकायला बघतात. पण आंधळ्या वळणावर दोघंही हॉर्न देतात. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत अमेरिका आणि चीन यांचं असंच चाललेलं आपल्याला दिसतं.

२०३० पर्यंत या क्षेत्रात जगात आघाडी घ्यायची, असं चीनने २०१७ मध्येच ठरवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले. ही झाली शर्यत. तरीही १६ नोव्हेंबर २०२४ रोजी पेरूमधल्या लिमा शहरात बायडेन आणि शी जिनपिंग यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहायला हवा.

ही काही मैत्री नव्हे. यंत्र हिशोब करतं, पण त्याला जाब विचारता येत नाही. ज्याला जाब विचारता येत नाही त्याच्या हाती निर्णय सोपवायचा नाही, एवढं शहाणपण भीतीने दोघांना शिकवलं.

मग हे तत्त्व फक्त बॉम्बपुरतंच का? उद्या आपल्या शेतकऱ्याचा पीकविमा यंत्राने नाकारला, तर त्याने कोणाच्या दारात जायचं? यंत्र अमेरिकेचं असो की चीनचं, खाली सही माणसाचीच हवी. ही मागणी आपणच करायची आहे.