काचपेटीखालची बादली

आपल्या वर्गातली माशांची काचपेटी तुम्ही रोज बघता. पण तिच्या टेबलाखाली एक बादली आहे, ती किती जणांनी पाहिली?

डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य केंद्रातून १२ गप्पी मासे आणले होते. गप्पी मासा अंडी घालत नाही, थेट पिल्लेच देतो. बघता बघता चाळिसाच्या वर मासे झाले. ते तोंड वर काढून राहू लागले, आणि एका सोमवारी सात मासे मेलेले दिसले. पाणी तर स्वच्छ दिसत होते!

माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण विषारी असतो. काही जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे जिवाणू खडबडीत वस्तूला चिकटून राहतात आणि त्यांना वाहते पाणी लागते. बादली म्हणजे त्यांचे घर. अशा खालच्या टाकीला सम्प म्हणतात. हे ऐकून एक जण म्हणाला, "संप? म्हणजे काम बंद?" सगळे हसले, पण पुढे तसेच झाले!

काचवाल्याकडून पेटीला वरच्या काठाखाली भोक पाडून घेतले. जास्तीचे पाणी त्यातून नळीने खाली येते. बादलीच्या तोंडाशी भोके पाडलेला डबा टांगला आहे. त्यात वर फोम आणि खाली फुटक्या कौलांचे तुकडे आहेत. गाळलेले पाणी तळाशी पडते आणि कूलरचा लहान पंप ते पुन्हा वर चढवतो. (पंपाची पिन काढल्याशिवाय बादलीत हात घालायचा नाही, आणि पिन गुरुजीच काढतील.)

पहिल्याच रात्री वीज गेली. सकाळी फरशीवर तळे, तक्ते भिजलेले आणि पंप कोरडा घुरघुरतोय. असे का झाले? पंपाच्या नळीचे तोंड पेटीत १० सेंमी खोल बुडवले होते. पंप बंद पडला तसे त्याच नळीतून पाणी उलटे खाली आले, अगदी नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत. आता गणित करा. पेटी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद. ६० × ३० × १० = १८,००० घन सेंमी, म्हणजे १८ लिटर. बादली २० लिटरची, तिच्यात १२ लिटर पाणी आधीच होते. जागा उरली ८ लिटरची. बाकीचे १० लिटर फरशीवर!

उपाय सुईएवढा निघाला. पाण्याच्या पातळीखाली २ सेंमीवर नळीला बारीक भोक पाडले. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते नि धार तुटते. आता साडेतीन-चार लिटरच पाणी खाली येते. गुरुजींनी मुद्दाम पिन काढून दाखवले, बादली भरली नाही.

जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माशांना खाणे अगदी कमी द्यायचे. फोम नळाखाली धुवायचा नाही बरं का! नळाच्या पाण्यातल्या टीसीएल पावडरने जिवाणू मरतात. पेटीतलेच पाणी काढून त्यात तो पिळायचा.

नळीचे भोक शेवाळाने बुजते. दर शनिवारी ते सुईने साफ करायची पाळी या महिन्यात सहावीची आहे.