प्रोसेसर पळतो, शेजारी भाजतात

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला आणि असेंबल्ड कॉम्प्युटर जोडणाऱ्या आम्हा पोरांना पर्वणीच मिळाली. त्याचा गुणक, म्हणजे बसच्या किती पट वेगाने प्रोसेसर पळणार तो आकडा, ४.५ वर कुलूपबंद होता. पण मदरबोर्डच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा हा स्वस्तातला प्रोसेसर ४५० वर पळायचा आणि कित्येक पट महाग पेंटियम टूच्या पंक्तीत जाऊन बसायचा.

डीटीपी करणाऱ्या एका मित्राचं मशीन मी असंच चढवून दिलं. त्याचा प्रोसेसर १०० वर टिकेना, विंडोज सुरू होता होताच अडकायचं. म्हणून मधला ८३ चा टप्पा निवडला. ३७४ मेगाहर्ट्झ मिळाले, हीटसिंक हाताला कोमट लागत होता, मी निश्चिंत झालो. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, "अरे, पाचवं प्रकरण उघडतच नाहीये." जाऊन पाहिलं तर फोल्डरांच्या नावांच्या जागी चौकोन आणि भलतीच चिन्हं. स्कॅनडिस्क एकामागून एक चुका दाखवत होता. प्रोसेसर मात्र ठणठणीत होता.

दोष माझ्या निवडीचा होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. त्या काळी मदरबोर्डवर एकच घड्याळ सगळ्यांना ताल द्यायचं. हार्ड डिस्कचा कंट्रोलर, साउंड कार्ड वगैरे ज्या पीसीआय बसवर असायचं, तिचा वेग मुख्य बसच्या निम्मा, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झ ठरलेला. मुख्य बस ८३ वर नेली की पीसीआय साडेएक्केचाळीसवर जाणार. ज्या भागांना कुणी विचारलंही नव्हतं, ते २५ टक्के जास्त वेगाने धावत होते. ग्राफिक्स कार्डाची एजीपी बसही ६६ ऐवजी ८३ वर. गंमत अशी की बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर १०० चा टप्पा घेतला की भागाकार बदलायचा. पीसीआय एक तृतीयांश, एजीपी दोन तृतीयांश, म्हणजे दोन्ही पुन्हा ३३ आणि ६६ वर. जो थेट १०० वर गेला त्याची डिस्क सुखरूप. सावधपणे मध्ये थांबलेला फसला.

२०११ च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने मूळ घड्याळ बाकीच्या भागांशी इतकं घट्ट बांधलं की ते जेमतेम काही टक्केच वाढायचं. ज्यांना वेग वाढवायचा, त्यांच्यासाठी गुणक मोकळा असलेले 'के' प्रोसेसर होते. गुणक वाढवला तर फक्त प्रोसेसर पळतो, डिस्कला त्याची खबरही नसते. तेव्हापासून शेजाऱ्यांना त्रास होतो तो मुख्यतः विजेच्या वाटेने.

हिशेब करून पाहू. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ व्होल्टवर ९६ वॅट घेणारा प्रोसेसर २० टक्के जास्त वेगाने पळवायला १.३५ व्होल्ट द्यावे लागले, तर तो सुमारे १४६ वॅट घेईल. करंट ८० अँपिअरवरून १०८ वर जाईल. हा सगळा करंट सॉकेटशेजारच्या व्हीआरएममधून, म्हणजे मॉसफेट, चोक आणि कपॅसिटरच्या रांगेतून येतो. तिथे तारांच्या आणि मॉसफेटच्या रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे १.८ पट. प्रोसेसर मर्यादेपर्यंत तापला की आपणहून वेग उतरवतो. स्वस्त बोर्डवरच्या कपॅसिटरला अशी सोय नसते. त्याचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यात भर म्हणजे, कंपनीचा पंखा वरून वारा सोडतो तेव्हा थोडा वारा व्हीआरएमलाही लागतो. तो काढून पाण्याचा कूलर लावला की प्रोसेसर गार होतो आणि शेजारी वाऱ्याला मुकतात. नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत हे मशीन चालत असेल तर बोलायलाच नको.

कपॅसिटर मरतो तेव्हा दिसतो. सपाट डोकं पुरीसारखं फुगतं, वरच्या फुलीच्या खाचा उकलतात, बुडाशी तपकिरी डाग पडतो. त्याआधी कित्येक दिवस मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असतं आणि बिचाऱ्या रॅमवर किंवा विंडोजवर आळ येत असतो.

नुकसान उलट्या दिशेनेही पोहोचतं. २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० एक्स-थ्री-डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाले. रॅम वेगाने चालवण्याचं तयार प्रोफाइल सुरू केलं की काही बोर्ड प्रोसेसरमधल्या एसओसी भागाला जास्त व्होल्टेज देत होते. शेवटी एएमडीने ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं. ग्राहकाने हात लावला होता तो फक्त रॅमच्या सेटिंगला.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती न जळणाऱ्या बिघाडाची. रॅममध्ये एखादा बिट उलटतो, मशीन चालूच राहतं आणि चुकलेला मजकूर निमूटपणे डिस्कवर उतरतो. बॅकअपमध्येही तोच जातो. म्हणून कुणी वेग वाढवून मागितला तर मी आधी त्याच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क मशीनपासून सोडवून ठेवतो, मग रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावतो. एक जरी चूक दिसली तरी वेग खाली.

मित्राचं पाचवं आणि सातवं प्रकरण परत मिळालं नाही. प्रूफं वाचून झाल्यावर त्याने ती रद्दीत टाकली नव्हती. त्यांवरून आम्ही दोघांनी चार रात्री बसून दोन्ही प्रकरणं पुन्हा टाइप केली, ६६ मेगाहर्ट्झवर.